मागच्या घरची वात

गावातल्या बायकांना आधी विचारलं असतं, तर काम एका आठवड्यात संपलं असतं आणि मला मान खाली घालावी लागली नसती. पण मला कॉम्प्युटर येत होता. ज्याला कॉम्प्युटर येतो तो माणसांना सगळ्यात शेवटी विचारतो.

कर्जतच्या बाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. शिकवणारे सर-मॅडम वेगळे, मी यंत्रं जिवंत ठेवणारी. राहते दहिवलीत. माहेर चौक गावच्या रस्त्याने जरा आत गेलं की लागतं. लॅबमधल्या मुलांना दोन याद्या एकत्र करायला सांगितल्या की ती माऊस धरून तासभर पडदा खालीवर करत बसतात. मी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करते आणि चहाला जाते. याचा मला गर्व होता. होता म्हणते, पण थोडा अजूनही आहे.

आमच्या गावात चैत्रात गावदेवीची पालखी निघते आणि घरोघर जाते. कोणत्या घरी आधी आणि कोणत्या घरी नंतर, हा क्रम ठरलेला. रस्त्याने सरळ जात गेलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण पालखी तशी जात नाही. सात नंबरच्या घरातून निघते ती मध्ये चार घरं सोडून वरच्या आळीला जाते आणि त्या चार घरांकडे दुपारी परत येते. असं का, ते कोणी सांगू शकत नाही. कोणाच्या पणजोबांनी देऊळ बांधताना दगड वाहिले असतील, कोणी रुसून बसलं असेल, त्याची समजूत काढली असेल. तो सगळा इतिहास विसरला गेला आणि क्रम तेवढा राहिला. तो चुकला तर मात्र माणसं वर्षभर धरून बसतात.

हा क्रम माझ्या काकांच्या डोक्यात होता. माझ्या वडिलांचे ते धाकटे भाऊ. पालखीच्या पुढे मानाची काठी घेऊन चालायचं काम त्यांचं. चाळीस वर्षं त्यांनीच ते केलं. काठीवाल्याचा एक नियम आहे: मागे देवी येत असते, तेव्हा मागे वळून बघायचं नाही. काका पुढे चालायचे, दारात काठी टेकवायचे, पालखी त्या दारात थांबली की आपण पुढच्या वळणावर जाऊन उभे राहायचे. ते ज्या दारात काठी टेकवतील तिथे पालखी थांबणार, याबद्दल गावाला कधी शंका आली नाही. म्हणून कोणी काही लिहूनही ठेवलं नाही.

गेल्या पौषात काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली, पण बोलणं कळत होतं. यंदा ते चालणार नाहीत हे उघड होतं. तेव्हा पालखी समितीचा अध्यक्ष, ज्याचं चौकला गॅरेज आहे, तो दहिवलीला माझ्या घरी आला. निम्मं गाव आता कर्जतला, बदलापूरला, पनवेलला राहतं आणि पालखीपुरतं येतं. त्यांना पालखी आपल्या दारात कधी पोचेल ते फोनवर कळवावं, असं समितीच्या मनात होतं. घर नंबर आणि फोन नंबर यांची यादी त्याच्याकडे तयार होती.

“ताई, काकांकडून क्रम लिहून घ्या आणि दोनी याद्या एक करा,” तो म्हणाला. “तुमाला काय, दोन मिनिटांचं काम.”

मी म्हणाले, “दोन कशाला, एक मिनिट.”

तीन रविवारी दुपारी मी काकांच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले. काका भिंतीला पाठ टेकून, दाराच्या चौकटीशेजारी. नोकरीत ते ग्रामपंचायतीचे शिपाई होते आणि गावातल्या प्रत्येक दारावरचा घर नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला. त्यामुळे नावं नाही, थेट नंबर सांगत होते. डोळे मिटायचे आणि चालायला लागायचे.

“देवळातना निंगाली. लिव, सात.” मग थोडा वेळ काहीच नाही. “आता वर चालली. एकतीस. थांब गं जरा, चढ हाय. खांदा बदलतील.”

मी थांबायची. मनातल्या मनात खांदेकऱ्यांनी खांदा बदलून होईपर्यंत ते पुढचा नंबर सांगत नसत. मला घाई असायची, परतीची रिक्षा चुकेल याची. एकदा मी म्हणाले, “काका, नुसते नंबर सांगा ना भराभर.” तर डोळे न उघडता म्हणाले, “भराभर गेलो तर चुकंल. पाय जातात तसंच सांगता येतं मला.”

दुसऱ्या रविवारी ते मध्येच थांबले आणि डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले. “पोरी, हे नीट ठेव हां. मला परत यायचं नाय सांगाया.”

“काका, कॉम्प्युटरमध्ये गेलं की कायमचं,” मी म्हणाले. हे वाक्य मला आज नको असताना आठवतं.

तिसऱ्या रविवारी पालखी देवळात परत पोचली. मी ओळी मोजल्या, त्र्याहत्तर भरल्या. “सगळी घरं आली ना?” विचारलं. “सगळी,” काका म्हणाले आणि दमून आत जाऊन पडले.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी कामाला लागले. आता इथे थोडं माझ्या धंद्यातलं सांगते. दोन फायली असतात आणि दोन्हींत एक रकाना सारखा असतो. इथे तो घर नंबर. एकीत घर नंबर काकांनी सांगितलेल्या क्रमाने, दुसरीत घर नंबर आणि त्यापुढे फोन. ‘जॉइन’ नावाची आज्ञा आहे. ती सारखा नंबर बघून दोन्हीकडच्या ओळी जोडून देते. तिचा हट्ट एकच. दोन्ही फायली त्या नंबरप्रमाणे आधी ओळीने लावलेल्या पाहिजेत. नसल्या तर ती कुरकुर करते.

तिने कुरकुर केली. मी सॉर्ट चालवलं. सॉर्टला सांगितलं नाही तर आकडे अक्षरांसारखे दिसतात, म्हणून एकच्या मागोमाग दहा येतो आणि दोन बिचारा कुठेतरी खाली. जॉइनलाही तसंच चालतं, तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. वावगं हे की लावलेली यादी मी वेगळ्या फायलीत ठेवली नाही. होती त्याच फायलीवर लिहिली. मग जॉइन चालवलं, नंबरांपुढे फोन झरझर येऊन बसले, आणि मी ते अध्यक्षाला पाठवून कुकर लावायला उठले.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. “ताई, ह्यात पहिलं घर एक नंबर आलंय. मग दहा. पालखी तर सातात जाते ना पहिली?”

फोन कानाला तसाच धरून मी लॅपटॉप उघडला. फाइल उघडली. एक, दहा, अकरा. काकांनी नंबर सांगितले होते, पण नंबर तर सगळ्या दारांवर होतेच. त्यांनी मला खरं दिलं होतं ते एवढंच, की कोणती ओळ कोणत्या ओळीच्या खाली. आणि मी नेमकं तेच पुसून टाकलं होतं. ओळींच्या आधी नुसते एक-दोन-तीन घालून ठेवले असते तरी क्रम परत लावता आला असता. दुसरी प्रत नव्हती. ‘मूळ फाइलला हात लावू नका’ हे मी लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवलं आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय.

अजून सांगायचं राहिलं ते जास्त वाईट आहे. मी लगेच काकांकडे जायला हवं होतं. ते रागावले असते, पण परत सांगितलं असतं. मी गेले नाही. रविवारी जाऊ म्हटलं, तोपर्यंत काहीतरी सुचेल, काकांना कळायचंही नाही. मला लाज वाटत होती आणि ती लपवायची होती. तीन दिवस मी त्या लाजेपायी घालवले. शनिवारी पहाटे काकांना दुसरा झटका आला.

पंधरा दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आले. डावा हात चालत होता, ऐकलेलं सगळं कळत होतं, डोळे तसेच तरतरीत. बोलणं मात्र गेलं. त्यांची मुलगी बदलापूरहून येऊन राहिली होती. मी खाटेशेजारी बसले तर काकांनी डाव्या हाताने हवेत टाइप केल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघितलं. झालं का, असं विचारत होते. मी मान हलवली. हो म्हणून.

खोटं बोलले मी. त्या माणसाने आपलं शेवटचं धड बोलणं माझ्या हवाली केलं होतं आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोलले. त्या वेळी दुसरं काही जमलं नाही. दवाखान्यातून शीण देऊ नका असं सांगितलेलं, हेही एक कारण, पण ते मी नंतर शोधलं.

समितीला खरं सांगितलं. अध्यक्ष रागावला नाही. म्हणाला, “घाबरू नका ताई, गाव मेलंय काय? सगळ्यांना म्हाईत हाय.” देवळात बैठक बसली. पंचवीस-तीस पुरुष, सगळे कधी ना कधी पालखीला खांदा दिलेले. मी लॅपटॉप उघडून कोपऱ्यात. सातपर्यंत एकमत झालं. तिथून पुढे एक म्हणे एकतीस, दुसरा म्हणे एकोणतीस, तिसरा म्हणे तुमी दोघं त्या वर्षी होता कुठं. खांद्यावर पालखी असलेल्या माणसाला समोरच्याची पाठ तेवढी दिसते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तासाभरात बैठक चहावर आली आणि चहानंतर मोडली.

माहेरी जेवायला थांबले होते. भाकरी थापता थापता वहिनी माझं सगळं ऐकत होती. म्हणाली, “पुरुषांना काय इचारता? ती आपली मिरवतात. आपल्या घरची वात मी पिंपळाखालच्या घरना आणते. बावीस वर्सं आणते. मला आणि काय लागतं म्हाईत असाया?”

मी जेवायची थांबले.

आमच्याकडे ही रीत आहे. पालखीला ओवाळायचं निरांजन काडीपेटीने पेटवायचं नाही. आधीच्या घरचं ओवाळून झालं की पुढच्या घरची बाई तिथे वात घेऊन जाते, त्यांच्या निरांजनावर पेटवते, आणि पदराच्या आडोशाने, पालखीच्या आधी लगबगीने आपल्या दारात येते. पहिल्या घराची वात देवळातल्या समईवरून. मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? लहानपणी आईच्या मागून मीही धावले आहे. पण ते माहीत असणं वेगळ्या कप्प्यात होतं आणि कॉम्प्युटर वेगळ्या कप्प्यात.

सबंध क्रम गावात कोणालाच येत नव्हता. पण प्रत्येक बाईला एक घर पक्कं ठाऊक होतं, आपल्या मागचं.

गावच्या बायकांचा फोनवर ग्रुप आहे. त्यावर मी लिहिलं: फक्त दोन आकडे पाठवा. पहिला आपल्या दारावरचा नंबर, दुसरा ज्या घरून वात आणता त्यांच्या दारावरचा. नावं नकोत. नावांत एकाच आडनावाची वीस घरं, माझी अजून एक चूक व्हायची.

दोन दिवस फोन टिणटिणत राहिला. एकतीस, सात. बारा, चौसष्ट. बदलापूरच्या एकीने लिहिलं, ‘नंबर आठवत नाही, गावी फोन करून सांगते.’ सख्ख्या जावा असलेल्या दोघी, अकरा वर्षं एकमेकींशी अबोला. त्यातल्या धाकटीने मोठीचा नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बोलत नाही पण वात घेते.’ ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या दारात मी स्वतः गेले. त्या वेळी कळलं की समितीच्या फोन-यादीत नसलेली आठ घरं माझ्या पहिल्या जॉइनने गुपचूप गाळली होती. तिचा स्वभावच तो. ज्या ओळीला जोडीदार नाही ती ओळ ती टाकून देते आणि चकार शब्द काढत नाही. मीही त्या संध्याकाळी जोडून झाल्यावर परत मोजलं नव्हतं.

आता माझ्याकडे त्र्याहत्तर ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत दोन आकडे, आपला आणि मागचा. देवळाला मी शून्य नंबर दिला. हे एकमेकांना जोडत गेलं की साखळी तयार होणार. पण आता मी पोळलेली होते. फायलीची प्रत काढली. प्रतीचीही प्रत काढली. मग जोडण्याआधी जॉइनला उलटं विचारलं: ज्यांना जोडीदार मिळत नाही तेवढेच दाखव. म्हणजे असं मागचं घर, जे स्वतः यादीत कुठेही नाही. उत्तर एकच यायला हवं होतं, शून्य. देवळाच्या मागे काही नाही.

उत्तरं दोन आली. शून्य आणि एकेचाळीस.

बेचाळीस नंबरवालीने लिहिलं होतं, बेचाळीस, एकेचाळीस. पण एकेचाळीसमधून कोणाचाही निरोप नव्हता. काकांनी सांगितलेल्या त्र्याहत्तरांत शोधलं, तिथेही नाही. साखळीचे दोन तुकडे पडले होते. एक देवळापासून सतरा नंबरपर्यंत, दुसरा बेचाळीसपासून देवळापर्यंत. मध्ये एक घर गायब. मला वाटलं बाईचा आकडा चुकला असेल. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परस्पर गावी गेले आणि नंबर बघत आळीतून चालायला लागले. सतरा दिसला. त्याच्यापुढे वळणावर काकांचा ओटा, म्हणून सवयीने तिथे जाऊन टेकले. टेकताना वर बघितलं.

चौकटीवर, निळ्या रंगात, काकांच्या नेहमीच्या गोल वळणात एकेचाळीस. तीन दुपारी मी त्याच्या खाली बसून क्रम लिहून घेतला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

गावातली सगळी घरं काकांनी सांगितली आणि आपलं सांगितलं नाही. पहिल्यांदा मला हसू आलं. मोजणारा स्वतःला विसरतो, ही तर लहान पोरांना सांगायची गोष्ट. मग काकूची आठवण झाली आणि हसू गेलं. काकू जाऊन आठ वर्षं झाली. काका पालखीच्या दिवशी सकाळीच काठी घेऊन देवळात जातात, दाराला कुलूप. ओवाळायला घरात कोण आहे? बंद दारात ते काठी टेकवणार कशी? आठ वर्षं ते स्वतःच्या दारावरून सरळ पुढे जात होते आणि पालखी त्यांच्यामागून. ते विसरले नव्हते. त्यांनी ते घर क्रमातूनच काढून टाकलं होतं.

मग बेचाळीसवाली वात आणते कुठून?

ती शेजारीण ओट्याच्या पलीकडेच तांदूळ निवडत होती. साठीची, काकूची जुनी मैत्रीण. मी विचारलं तर आधी तिने आत खाटेकडे नजर टाकली, मग हळू आवाजात म्हणाली, “त्यांना सांगू नको हां. तुजी काकू गेली त्या साली मी सतराच्या घरना वात आणली नि इथं आली, तर पाय पुढं जाईना. माजी वात आयुष्यभर तिच्या निरांजनावर पेटलेली. मग मी काय केला, एक पणती आणून तिच्या उंबऱ्यावर पेटवली नि तिच्यावर माजी वात लावली. दरसाल तसंच करते. पालखी क्षणभर थांबते. खांदेकरी पण काय बोलत नाय.”

“आणि काकांना माहीत नाही?”

“त्यांना कसा कळंल? ते पुढं. मागं बघायचं नाय ना त्यांनी.”

मी तिथेच ओट्यावर बसून रडले. शेजारणीने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. कॉलेजात मला कोणी रडताना पाहिलेलं नाही, सगळे मला तुसडी म्हणतात.

त्या रविवारी चौऱ्याहत्तर ओळींचा कागद घेऊन काकांच्या खाटेशी बसले. आधी खरं काय ते सांगितलं. फाइल मी खराब केली, मी खोटं बोलले, हे बायकांकडून जमवलं आहे. काकांनी नजर कागदावर नेली. मग डावा हात खाटेच्या कडेवर ठेवून त्यांनी बोट उचललं. वाच, म्हणून.

मी वाचत गेले. सात. बोट कडेवर टेकलं, टक. एकतीस. टक. चढाच्या जागी मी आपणहून थांबले, खांदा बदलायला. काकांच्या डोळ्यांत हसू आलं. दोन ठिकाणी बोट टेकलं नाही, तिथे कागदावर उतरवताना मीच दोन आकडे उलटसुलट लिहिले होते. ते दुरुस्त केले. सगळं बरोबर निघत होतं. पुरुषांच्या बैठकीला जे जमलं नाही ते बायकांच्या एकेका वातीने जमवलं होतं.

सतरा. टक.

“एकेचाळीस,” मी म्हणाले.

बोट वरच राहिलं.

“काका, तुमचं घर. हे क्रमात आहे. तुम्ही काढलंत, पण ते निघालेलंच नाही.” आणि शेजारणीने नको म्हटलं होतं तरी मी सगळं सांगितलं. पणती, उंबरा, आठ वर्षं. सांगायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. काकांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्या पाठीचा श्वास तेवढा वरखाली होताना दिसत होता. त्यांची मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड माझ्याकडे फिरवलं. बोट टेकलं नाही. हात हलवून पुढे वाच म्हणाले. बेचाळीस. टक. तिथून देवळापर्यंत सगळं टक टक.

एकेचाळीसपुढे मी कागदावर बरोबरची खूण केली नाही. पण ओळ खोडलीही नाही.

शेवटचं जॉइन चालवताना तिला बजावलं, जोडीदार नसलेली ओळही दाखव. नऊ ओळी नुसत्या नंबरच्या आल्या, पुढे फोनची जागा रिकामी. त्या नऊ घरांना निरोप मीच जाऊन द्यायचा ठरवलं. काकांचं घर त्यातलंच, फोन त्यांनी कधी घेतला नाही. आदल्या दिवशी खाटेशी जाऊन मी इतरांना सांगितलं तसंच सांगितलं, “एकेचाळीस नंबर, उद्या साडेअकराच्या सुमारास पालखी येईल. दार उघडं ठेवा.” काकांनी डोळे मिटले.

पालखीच्या दिवशी अध्यक्ष काठी घेऊन पुढे, खिशात माझा कागद. मी सकाळपासून काकांच्या घरी होते. सतराच्या घरी ढोल थांबला तेव्हा त्यांना मी आणि त्यांच्या मुलीने धरून दारातल्या खुर्चीत बसवलं, धुतलेला सदरा घातलेला. मांडीवर ताट, ताटात काकूचं निरांजन, चिंचेने घासून लख्ख केलेलं. डावा हात ताटाच्या कडेवर.

शेजारीण पदराच्या आडोशाने वात घेऊन आली. उंबऱ्याशी नेहमीच्या जागी वाकली आणि मग तिच्या लक्षात आलं की यंदा वाकायचं कारण नाही. सरळ होऊन तिने काकांच्या मांडीवरचं निरांजन पेटवलं. ज्योत नीट धरली तशी तिच्यावर आपली दुसरी वात लावली आणि घाईने आपल्या दाराकडे गेली.

वळणावरून काठी आली, तिच्यामागे ढोल, आणि मग पालखी. झेंडूच्या माळा, चांदीचा मुखवटा, खांदेकऱ्यांचे घामाने भिजलेले चेहरे. काका बघत राहिले. चाळीस वर्षं ही पालखी त्यांच्या पाठीमागून चालली होती. ती दाराकडे येताना कशी दिसते, हे त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

अध्यक्षाने उंबऱ्यासमोर काठी टेकवली. पालखी थांबली. काकांच्या हातून ताट उचललं गेलं नसतं, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी मानेने थांब म्हटलं. बोट उचललं आणि ताटाच्या कडेवर एकदा टेकवलं.

टक.